एका घरातल्या दोन बुधी

भाच्याने वाशिंदला नवं घर घेतलं म्हणून चार दिवस त्याच्याकडे राहायला गेले होते. रविवारी सकाळी तो म्हणाला, चल मावशी, तुला तानसाचा तलाव दाखवून आणतो. तलाव, आणि तो मला दाखवणार. त्या पाण्याच्या कडेकडेने मी आठ वर्षं चपला झिजवल्या आहेत, हे त्याला कुठून ठाऊक असणार? मी मुकाट्याने गाडीत बसले. आटगाव मागे पडलं, झाडी सुरू झाली, तशी मी त्याला काच खाली करायला सांगितली. फाल्गुन होता. मोहाच्या फुलांचा वास आत आला, गोड, जड, जरासा आंबलेला. लोकांना हा वास आवडतो. मला मात्र तो नकोसा होतो, अजूनही होतो.

साठच्या आगेमागे मी इथे मास्तरीण होते. वय वीस, माहेर मुरबाडचं, नोकरी कच्ची. सुटी संपली की मुरबाडहून किन्हवलीवरून शहापूर, शहापूरहून आटगाव आणि पुढे पायी. डोक्यावर ट्रंक घेणारा कोणी भेटला तर बरं, नाहीतर आपलेच हात. गाव कुणब्यांचं, भातशेतीचं. पोलीस पाटलांच्या पडवीतली एक खोली मला दिली होती. पाटील वयस्क, भले गृहस्थ. त्यांना सही येत असे, पण लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांची कागदपत्रं बहुधा मीच लिही. गावाच्या टोकाला ओढा, ओढ्यापलीकडे कातकरवाडी. वाडीच्या मागे एक टेकाड. टेकाडावर चढलं की नजर जाईल तिथवर तलाव. ते सगळं पाणी नळातून मुंबईला जाई, आणि वाडीतल्या बायका ओढ्याच्या वाळूत खड्डा करून, त्यात झिरपलेलं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरत बसलेल्या असत. शाळेला जाताना मी रोज त्यांच्या शेजारून जाई. मला त्यात काही वावगं दिसत नसे, हे कबूल करायला हवं.

त्या मुलखात कोणतं काम चालू आहे ते डोळे मिटूनही कळायचं. दसरा झाला की कापलेल्या गवताचा वास. स्टेशनाजवळच्या वखारीत त्याच्या गाठी बांधत आणि त्या आगगाडीने मुंबईच्या तबेल्यांकडे जात. थंडीत कोळशाच्या भट्ट्यांचा धूर, जो सकाळी दवाबरोबर खाली उतरे आणि मुलांच्या केसांना, पाटीला, माझ्या लुगड्याला चिकटून बसे. फाल्गुनात मोह. वैशाखात पळसाच्या पानांवर ठेवलेली करवंदं, कल्याणच्या बाजारात न्यायची. मग आवणीचा, भातलावणीचा चिखल. आणि दिवाळी झाली की वाडी हळूहळू रिकामी व्हायची. बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं वीटभट्ट्यांवर जायची. मडकं, गोधडी, कोंबडी, पोर, सगळं डोक्या-खांद्यावर. मागे झोपडीला आडवी लावलेली कुडाची ताटी तेवढी राही. माझा वर्ग अर्धा ओस पडे. पण शिमग्याला सगळे परत येत. कुठेही असोत, होळी पेटायच्या आत माणूस वाडीत पोचलेलं असे. हा नेम मी आठही वर्षं पाहिला.

त्यातल्या एका वर्षी जनगणना आली. आम्हा शिक्षकांना शहापूरला बोलावून सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी बजावलं की खोटी नोंद म्हणजे गुन्हा. बाकीचे शिक्षक जांभया देत होते. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली.

पहिली फेरी घरांना नंबर घालायची. दिवाळीआधीच्या उन्हात मी गेरूचा डबा आणि काडीला गुंडाळलेलं फडकं घेऊन वाडीत हिंडले. चांगीच्या झोपडीपाशी आले तेव्हा तिथे खूप हशा झाला. चांगी तिशीची असेल, नवरा कोळशाच्या कामावर असताना तापाने गेलेला. पदरी दोन मुली. मी थोरलीचं नाव विचारलं. बुधी. धाकटीचं? तीही बुधी. वाडीत मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला मिळे. सोमवारची सोमी, शुक्रवारची शुक्री. या दोघी बहिणी बुधवारच्या. मी हसले, तेव्हा चांगी म्हणाली, वार काय आमी ठरवतो? थोरली तेरा-चौदा वर्षांची, उंच, बोलायला कमी. धाकटी दहाची, माझ्याच शाळेत पहिलीत बसणारी, आणि तोंडाळ. चांगी नुसती "बुधे" अशी हाक मारी आणि जी हवी असे तीच पुढे येई. कशी, ते मला कधी कळलं नाही. कुडाच्या भिंतीवर आकडा नीट उमटेना, तेव्हा थोरलीने न सांगता शेणाचा हात फिरवून जागा सारखी करून दिली, आणि ती सुकेपर्यंत माझा डबा धरून उभी राहिली. मी तिला चांगली पाहिली होती. तिच्या डाव्या भुवईवर जुन्या भाजल्याचा डाग होता.

दिवाळीनंतर थोरली बुधी मामाच्या बिऱ्हाडाबरोबर वाशिंदच्या पुढे नदीकाठच्या एका भट्टीवर गेली.

दुसरी फेरी माणसं मोजायची. माणसागणिक एक चिठ्ठी. नाव, वय, लग्न, भाषा, धंदा. या धंद्याच्या रकान्याने माझा जीव काढला. एकाच बाईने आवणी केलेली, गवत बांधलेलं, मोळ्या विकलेल्या, मासे धरलेले, रकाना एक. वय विचारावं तर अमक्या साली जंगल तुटलं तेव्हा ही रांगत होती, असं उत्तर. चांगीच्या घरी थोरली नव्हती. नियम असा होता की मोजणी संपायच्या आत जे परत येणार त्यांना धरायचं. मी चांगीला विचारलं, येईल का ती? चांगीने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याची लाज वाटली. "शिमग्याला येल ना ती. लिव." शिमगा मोजणीच्या अगदी टोकाशी आला होता. मी दोन बुधींच्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या.

काम झालं तसं चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तपासणीला शहापूरला गेले. संध्याकाळ झालेली. तपासणारे गृहस्थ भराभर चिठ्ठ्या उलटत होते. एका घरात दोन बुधी पाहून थांबले. हसले. "बाई, झोपेत लिहिलंत का? एकच मुलगी दोनदा आली." मी म्हटलं, बहिणी आहेत. ते म्हणाले, मोजणीत दोघींना डोळ्यांनी पाहिलंत? खरं सांगायचं तर थोरलीला मोजणीत पाहिलं नव्हतं. वय वेगळं आहे, असं मी पुटपुटले. यांना वय कुठे माहीत असतं, असं ते म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं. मीही पाहिलं. शेवटची एसटी सुटायला आली होती. ती चुकली तर शहापुरात माझं ओळखीचं घर नव्हतं. नंबर घालतानाची गोष्ट, शेणाचा हात, भुवईवरचा डाग, हे सगळं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी त्यांच्या हातून लाल पेन्सिल घेतली आणि थोरलीच्या चिठ्ठीवर आडवं "रद्द" लिहिलं. एसटी मिळाली. खिडकीपाशी जागासुद्धा मिळाली.

शिमगा आला. ओढ्यापलीकडे ढोल सुरू झाला. बिऱ्हाडं परतली, मोहाची दारू निघाली, वाडीभर तो वास. चांगीच्या भावाचं बिऱ्हाड आलं, त्याची पोरं आली. बुधी आली नाही.

झालं होतं ते असं. सण करून माणसं परत कामावर येतील की नाही याची खात्री नाही, म्हणून मुकादमाने त्या बिऱ्हाडातलं एक मूल ठेवून घेतलं होतं. मामाने आपली पोरं उचलली आणि भाचीला मागे ठेवलं. वर तो परत जायचं नाव घेईना. दुसऱ्याच दिवशी जंगलात कुठे तोडीच्या कामावर निघून गेला. चांगी एकटी भट्टीवर जाऊन आली. मुकादमाने तिला आत येऊ दिलं नाही. भावाला घेऊन ये, नाहीतर तुमच्या पाटलाची चिठ्ठी आण, म्हणाला.

म्हणून ती पाटलांच्या पडवीत आली. मी तिथेच वह्या तपासत बसले होते. चांगी थोडी प्यालेली होती, शिमगाच तो. पाटलांनी ऐकून घेतलं, मला दौत-टाक आणायला सांगितलं आणि मग थांबले. "तुजी बुधी तर शाळंत जाते गो. कालच ओढ्यावर पायली मी तिला." ती धाकली, चांगी म्हणाली, थोरली भट्टीवर हाय. पाटलांना वाडीतली मुलं वेगवेगळी ओळखू येत नसत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुमी घरोघर फिरलात. हिच्या घरात बुधी किती?"

दोन म्हणावं तर पाटलांच्या सहीचा, माझ्या हातचा कागद बाहेर जाणार, उद्या चौकीपर्यंत जाणार, आणि तिकडे शहापूरला माझ्याच हातचं "रद्द". खोटी नोंद म्हणजे गुन्हा. नोकरी कच्ची. मुरबाडला आजारी वडील. एवढं सगळं एका श्वासात मनात आलं.

"कागदावर एकच आहे," मी म्हटलं.

शब्दाला शब्द खरं होतं ते. पाटलांनी टाक खाली ठेवला. जी पोर कागदावर नाही तिच्यासाठी आपल्या नावाने चिठ्ठी कशी द्यायची, असं म्हणाले. भावाला घेऊन ये, तो सांगेल तर लिहू. रागावले नाहीत. वाडीतली माणसं सणात प्याली की काहीबाही बोलतात, असं गावाला वाटे. मलाही वाटे. चांगीने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि पडवी उतरून गेली. मी समोरच्या वहीतली तीच बेरीज चारदा तपासली.

पुढचे तीन दिवस माझे मला माहीत. ओढ्यापलीकडचा ढोल थांबला. पळस पेटलेला, आंब्याला कैऱ्या, आणि त्यावर तो मोहाचा वास. खिडकी लावली तरी आत यायचा. जेवण जाईना. पाटलांच्या बायकोने दृष्ट काढली. मी स्वतःला समजावत होते की भाऊ येईल जंगलातून, मुकादमाला दया येईल, हंगाम संपेल, पोर घरी येईलच. फळ्यावर लिहिताना मधेच शब्द आठवायचा नाही. कोणी दारात उभं राहिलं की चांगीच आली असं वाटायचं, आणि ती येत नव्हती याचीच जास्त भीती वाटायची.

तिसऱ्या दिवशी धाकटी बुधी शाळेत आली. सगळी मुलं गेल्यावरही ती बसून राहिली. एरवी तोंडाळ, पण त्या दिवशी पाटीवर बोट फिरवत होती. मग तिने विचारलं, "बाई, कागदावरची बुधी ती मी का ती?"

मी तशीच उठले आणि पाटलांकडे गेले. सगळं सांगितलं, एसटीसकट. पाटील म्हणाले, लिहा. मी लिहिलं, त्यांनी सही केली. चिठ्ठी पदराला बांधून वाडीत गेले आणि चांगीला म्हटलं, पहाटेच्या गाडीने निघू. तिने चुलीवरचं उतरवलं आणि धाकटीला शेजारी पोचवून आली.

वाशिंदला उतरून नदीच्या वाटेला लागलो. लांबूनच भाजत्या विटांचा कोरडा, घशाला बसणारा वास आला. भट्टीवर माणसं तुरळक होती. मुकादम नव्हता. एक म्हातारी मातीचे गोळे करत बसली होती, तिला चांगीने बुधीचं विचारलं. म्हातारीने हात पुसले.

"कालच नेली. मुकादम नि एक बिऱ्हाड, टरकात बसून गेली, गुजरातकडं, दुसऱ्या भट्टीला. मामा काय परत आला नाय ना. परवापतोर इथंच होती पोर. वाटंकडं तोंड करून बसायची. आय येल बोलायची."

काल. मी तीन दिवस गप्प बसले होते, आणि ती काल गेली.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटाच्या टोकाला चिंचेखाली आम्ही दोघी बसलो. तिथे मी चांगीला मोजणीच्या चिठ्ठीचं सांगितलं, लाल पेन्सिलीचं, मी माझ्या हाताने तिच्या पोरीला कसं खोडलं ते. मला रडू आवरेना. मला वाटतं, तिने शिव्या घालाव्यात अशी माझी इच्छा होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तू खोडलंस म्हणून नाय गेली ती," ती म्हणाली. "कागदाचं आमाला काय? पाटलानं तुला इचारलं, तवा तू तिथं बसली व्हतीस. तवा बोलायचं व्हतं."

एवढंच. त्यानंतर ती त्या विषयावर माझ्याशी कधी बोलली नाही.

मी चौकीवर तक्रार लिहून दिली. शहापूरला जाऊन चूक कबूल केली. गठ्ठा पुढे गेला, आता मोजणी बंद झाली, असं सांगून मला परत पाठवलं. नोकरी जाईल म्हणून मी जिला घाबरले ती शिक्षा झालीच नाही. उलट वर्षभरात नोकरी पक्की झाली. पेढे वाटावे लागले. दर फाल्गुनात बिऱ्हाडं परतू लागली की मी टेकाडावर जाऊन उभी राही. तलावाच्या बाजूने माणसं ओळीने येताना दिसत, आणि मी भुवईवर डाग असलेली पोर शोधत राही. चांगी वाटेत भेटे. डोक्यावर मोळी असे. "बरी हाइस ना बाई," म्हणे आणि पुढे जाई. तिच्या बोलण्यात राग नसे, आणि मला तो असता तर बरं, असं वाटे. धाकटीने चौथीत शाळा सोडली. सदुसष्ट-अडुसष्टला माझी मुरबाडला बदली झाली. मी सुटले, असं मनाशी म्हटलंसुद्धा. पण मुरबाडलाही मोहाची झाडं आहेत.

"मावशी, इथे थांबायचंय का?" भाच्याने विचारलं. वाडीचा फाटा आला होता.

झोपड्या गेल्या होत्या. सिमेंटची घरकुलं, त्यावर पत्रे, एका घरावर डिशची छत्री. बायका हातपंपावर होत्या. मी एकीला चांगीचं घर विचारलं तशी ती हंडा ठेवून वळली. साठीची, केस पांढरे, तोंडात मिश्री. आधी आवाज ओळखला तिने, मग चेहरा. "बाई तू?" म्हणाली. धाकटी बुधी. माझे दोन्ही हात धरून उभी राहिली. चांगी गेली, म्हणाली, दिवाळीच्या आधी. वय झालं होतं. हाल झाले नाहीत.

मग ती जरा घुटमळली आणि सांगून टाकलं. थोरली आली होती परत. केव्हा? तीन-चार शिमगे गेल्यावर. कडेवर पोर घेऊन, नवऱ्याला घेऊन, वलसाडकडून. मी हिशेब केला. तेव्हा मी गावातच होते, ओढ्याच्या अलीकडे, शाळेत. त्या सणात वाडीतलं एकही मूल पाच दिवस शाळेत आलं नव्हतं आणि मी सगळ्यांची गैरहजेरी लावली होती.

"मला कोणीच कसं सांगितलं नाही?"

"आय बोलली, बाईला सांगायचं नाय. म्या जित्ती हाय तवर कुनी सांगायचं नाय." ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. "अख्ख्या वाडीनं पाळलं. आता आय नाय."

पन्नास वर्षं मी जे पोटात घेऊन हिंडले, ते "बरी हाइस ना" म्हणून पुढे जाणारी ती बाई मी गावात होते तोवर रोज पाहत होती, आणि एका शब्दात मला सोडवू शकत होती. तिने सोडवलं नाही. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी तिथे उभ्या उभ्या रडले, आणि ते रडणं पोर सापडल्याचं होतं की चांगीने मला बरोबर ओळखलं होतं याचं, ते मला सांगता येणार नाही.

"कुठे असते ती?" मी विचारलं.

"हितंच. नवरा वारला तशी आली ऱ्हायला. घरात हाय. तू गाडीतून उतरलीस तवाच तिनं पायलं तुला, नि आत गेली." धाकटीने हात सोडवून घेतले. "थांब. तुला भेटायचं का, तिला इचारून येते."

ती आत गेली. दार पुढे ढकललेलं होतं. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला. दोघी हलक्या आवाजात काही बोलल्या. मला शब्द कळले नाहीत. मग भाकरी थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. भाचा गाडीपाशी उभा राहून घड्याळ दाखवत होता. मी त्याला हातानेच जा म्हटलं.

धाकटी एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आली आणि ती अंगणात, दारापासून जरा लांब, सावलीला ठेवली.

"बस, बोलली ती. तिच्या भाकरी व्हायच्यात अजून. मग बघल."

मी बसले.